वाचकांचा कौल

(ग्रंथालय कार्यकर्ते, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन तेथील सार्वजनिक वाचनालयाची कपाटे उघडून पाहावीत. दोन प्रकारची पुस्तके दृष्टीस पडतात. काहींची पाने अद्याप एकमेकांना चिकटलेली असतात. वाचनालयाचा गोल शिक्का आणि दाखल क्रमांक सोडला, तर त्यांच्यावर मनुष्याच्या हाताची खूण नसते. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांचा पुठ्ठा निखळलेला असतो, कडा काळवंडलेल्या असतात, खाकी वेष्टन दोनतीनदा बदललेले असते, आणि मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मारावयास जागा उरलेली नसते. हाच वाचकांचा कौल होय. तो कोणी मागितलेला नसतो, कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात तो नमूद झालेला नसतो. तथापि ज्याला पाहावयाचे आहे, त्याला तो कपाटात स्पष्ट वाचता येतो.

या दुसऱ्या प्रकारात कोणती पुस्तके असतात, हे सांगण्यास फार संशोधनाची आवश्यकता नाही. रहस्यकथा, भयकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, कौटुंबिक व प्रेमकथात्मक कादंबऱ्या, आणि मुलांच्या साहसकथा. यांतील बऱ्याचशा मालिकेच्या स्वरूपात असतात. म्हणजे एकच नायक अनेक पुस्तकांतून वाचकास पुन्हा पुन्हा भेटत राहतो. वाङ्मयाच्या इतिहासांत या पुस्तकांना फारसे स्थान मिळालेले नाही. वार्षिक सभेत ग्रंथखरेदीचा विषय निघाला की त्यांचा उल्लेख बहुधा संकोचानेच केला जातो. आणि तरीही वर्गणी भरून जो सभासद दारात येतो, तो अनेकदा त्यांच्यासाठीच येतो.

हा प्रश्न निव्वळ आवडीनिवडीचा असता, तर त्याची चर्चा साहित्यरसिकांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु महाराष्ट्रात तो सार्वजनिक पैशाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्याखालील १९७० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासनाचे सहायक अनुदान मिळते. अशा ग्रंथालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग खेड्यापाड्यांतील लहान वाचनालयांचा आहे. ग्रंथालयाचा वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या आणि सभासदसंख्या यांना महत्त्व असते. साहजिकच ज्या वाचनालयात मार्चअखेर अनुदान खर्ची टाकण्यासाठी घाईघाईने पुस्तकांचे गठ्ठे येतात, तेथे ग्रंथसंख्या वाढते. मात्र सभासद वाढत नाहीत. पुढे केवळ कागदावरचे सभासद उरतात. एखादे वाचनालय बंद पडते, ते बहुधा एका दिवसात पडत नाही. ज्याला हवे ते पुस्तक तीनदा मागूनही मिळाले नाही, असा वाचक चौथ्यांदा येत नाही, तेव्हाच त्याची सुरुवात झालेली असते.

कादंबरीविषयीचा संकोच आपल्याकडे जुनाच आहे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडविणारे ते पुस्तक होते. पण त्यानंतर वाचकांनी उचलून धरले ते १८६१ च्या ‘मुक्तामाले’सारख्या अद्भुतरम्य कथानकांना. सुंदर नायिका, दुष्ट कारस्थानी पुरुष, अरण्ये, भुयारे आणि शेवटी सज्जनांचा जय, असा त्यांचा थाट असे. सुशिक्षितांना हे रुचत नव्हते. १८७२ मध्ये का. बा. मराठे यांनी नावल व नाटक या विषयांवर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरूनच कादंबरीचा विषय त्या काळी किती वादाचा झाला होता याची कल्पना येते. लोक कादंबऱ्या वाचतात याची चिंता करण्याचा प्रघात, म्हणजे, दीडशे वर्षांचा आहे.

मालिकेच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. आज विद्यापीठांत अभ्यासली जाणारी ही कृती तिच्या पहिल्या वाचकांनी दर आठवड्याला पुढच्या अंकाची वाट पाहत वाचली. ज्या नियतकालिकाचे नावच ‘करमणूक’, त्यातून ती आली, ही गोष्ट मनोरंजनाला तुच्छ लेखणाऱ्यांनी विसरू नये. हरिभाऊंच्या पुढच्या पिढीत नाथमाधव म्हणजेच द्वारकानाथ माधव पितळे यांनी ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी लिहिली आणि स्वराज्याच्या इतिहासावरील कादंबऱ्यांची मालाच रचली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून पुढे एकेक भाग वाचत जाणारा वाचक मधला भाग मिळाला नाही तर अस्वस्थ होतो. हा अनुभव ज्याने वाचनालयाच्या खिडकीमागे बसून काम केले आहे, त्यास नवीन नाही.

रहस्यकथेचा वाचक

लोकप्रियतेचा विचार करताना प्रथम नाव घ्यावे लागते ते बाबूराव अर्नाळकर यांचे. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या रहस्यकथांची संख्या एक हजाराच्या वर गेली होती. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीची झाली. इंग्रजी रहस्यकथांची छाया त्यांच्या लेखनावर होती, हे खरे. पण ती परकी पात्रे त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर अशी काही वावरविली की वाचकाला परकेपणा जाणवला नाही.

या पुस्तकांविषयी वाचक काय म्हणत? म्हातारे वाचक अजूनही जे सांगतात, त्यात दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. पहिली ही की, पुस्तक हाती घेतले की संपल्याशिवाय खाली ठेवता येत नसे. दुसरी, भाषा सोपी आणि वाक्ये आटोपशीर असल्यामुळे नुकतेच अक्षरओळख झालेल्या माणसालाही ती वाचता येत. तिसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. घरात आईवडिलांसमोर वाचता येईल असे ते लेखन होते, आणि गुन्हेगाराला शासन झाल्यावाचून कथा संपत नसे. झुंजार कायद्याच्या चौकटीबाहेर वागला, तरी तो गरिबाला लुबाडीत नाही, हे वाचकाला ठाऊक होते. लेखकाने दिलेले हे न लिहिलेले वचन होते, आणि ते पाळले जाते की नाही यावर वाचकाची बारीक नजर असे.

शाळकरी मुले भूगोलाच्या पुस्तकात दडवून ही पुस्तके वाचीत, आणि मास्तर ती जप्त करीत. जप्त केलेली पुस्तके पुढे शिक्षकांच्या खोलीत वाचली जात, असेही गमतीने सांगतात. त्यातला विनोद बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतोच. ज्या मुलाने चाळीस रहस्यकथा वाचल्या, त्याच्या डोळ्यांना ओळीवरून ओळीवर धावण्याची सवय लागली, शब्दसंग्रह वाढला, शंभर पानांचे पुस्तक पाहून त्याची छाती दडपेनाशी झाली. पुढे तोच ‘स्वामी’ आणि ‘ययाति’ मागावयास आला. सर्वच आले असे म्हणणे धाडसाचे होईल; पण ज्याने काहीच वाचले नाही, तो तर आलाच नाही.

अर्नाळकरांच्या नंतर गुरुनाथ नाईक यांनीही हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. गोलंदाज, शिलेदार, गरुड, कॅप्टन दीप, सूरज अशी त्यांच्या मालिकांतील नायकांची नावे. एस. टी. स्थानकावरील दुकानात ही पुस्तके मिळत, आणि प्रवास संपेतो एक पुस्तक संपे. भाड्याने पुस्तके देणाऱ्या खाजगी लायब्रऱ्यांनी या वाचकवर्गावर अनेक वर्षे व्यवसाय केला. त्यांना अनुदान नव्हते, समिती नव्हती, आणि पुस्तकनिवडीत चूक झाली तर तोटा मालकाच्याच खिशाला बसे. म्हणून त्यांची निवड चुकत नसे. सार्वजनिक वाचनालयाने त्यांच्यापासून शिकावे अशी ही एक गोष्ट आहे. सर्व गोष्टी शिकू नयेत, कारण एकाच वाचकाला लागणारे पुस्तक ठेवण्याचे कर्तव्य त्या दुकानदारावर नव्हते, ते वाचनालयावर आहे.

सुहास शिरवळकर यांचे वाचक आणखी निराळे. फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन या त्यांच्या नायकांच्या कथा महाविद्यालयीन तरुणांनी वाचल्या; पण त्यांचे नाव आज अधिक घेतले जाते ते ‘दुनियादारी’साठी, आणि ती रहस्यकथा नाही. कट्ट्यावरची मैत्री, प्रेम, घरातील तुटलेपण हा तिचा विषय. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, आणि लेखकाच्या निधनाला दहा वर्षे झाल्यावर त्या पुस्तकाची मागणी नव्याने वाढली. अशा वेळी वाचनालयात एकच जीर्ण प्रत असेल, तर चित्रपटगृहातून वाचनालयाकडे वळलेली पावले परत फिरतात.

रहस्यकथेच्या वाचकाची मते ऐकणे मोठे उद्बोधक असते. तो स्वतःला समीक्षक म्हणवून घेत नाही, परंतु त्याचे निकष पक्के असतात. शेवटच्या प्रकरणात अकस्मात एखादे नवे पात्र आणून त्याच्या माथी खून मारला, तर लेखकाने फसवणूक केली, असे तो स्पष्ट म्हणतो. धागेदोरे आधी दिसले पाहिजेत, आणि तरीही उलगडा आधी होता कामा नये, ही त्याची अपेक्षा. मालिकेतील नायक एका पुस्तकात एक बोलला आणि दुसऱ्यात त्याच्या विपरीत वागला, तर तेही त्याच्या ध्यानात राहते. रचना, सुसंगती, पात्राचा स्वभाव या शब्दांत आपण जे शिकवितो, तेच तो आपल्या भाषेत मांडत असतो. शिक्षकांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे. ‘पुस्तक वाचून कोणता बोध मिळाला’ या प्रश्नाला मुलगा पाठ केलेले उत्तर देतो. ‘शेवट पटला का, आणि नसेल तर का पटला नाही’ असे विचारले, तर तो विचार करून बोलू लागतो.

भय, विज्ञान आणि साहस

भयकथेचे नाव काढताच नारायण धारप आठवतात. १९२५ ते २००८ हा त्यांचा जीवनकाल. त्यांच्या ‘समर्थ’ मालिकेविषयी वाचकांचे एक मत सर्वत्र सारखेच आढळते: भीती वाटते, पण समर्थ येणार आहेत हा दिलासाही असतो. अशुभ शक्ती कितीही प्रबळ झाली तरी तिच्या विरुद्ध उभा राहणारा कोणीतरी आहे, ही खात्री त्या मालिकेने दिली. ‘लुचाई’सारख्या कादंबऱ्यांतून हा दिलासा कमी होतो, आणि तेथे वाचकांत दोन तट पडतात. काहींना ती अधिक आवडते, काही म्हणतात की रात्री वाचावयाचे हे पुस्तक नव्हे. स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाची छाया धारपांच्या काही कादंबऱ्यांवर आहे. ज्यांनी दोन्ही वाचले, ते या उसनवारीवर टीकाही करतात. ती टीकाही नोंदली जावी. वाचकांचा कौल म्हणजे केवळ स्तुती नव्हे.

भयकथांनी अंधश्रद्धा बळावते, असा आक्षेप ग्रामीण भागात कार्यकर्त्यांकडून घेतला जातो. ज्या राज्याने २०१३ मध्ये नरबळी व जादूटोणा यांच्याविरुद्ध कायदा केला, तेथे हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु कथेतील भुताला भिणारा वाचक आणि भगताकडे कोंबडे घेऊन जाणारा मनुष्य हे एकच असतात, असे गृहीत धरणे चुकीचे होय. कथा ही कथा आहे, हे वाचणाऱ्याला माहीत असते. किंबहुना वाचनाची सवय असलेल्यालाच ते अधिक माहीत असते. आक्षेप घेणाऱ्यांनी पुस्तक काढून टाकण्याऐवजी त्याच फळीवर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुस्तके ठेवण्याचा आग्रह धरावा. एकाच कपाटात दोन्ही असली, तर वाचक दोन्हींना हात लावतो.

विज्ञानकथेच्या बाबतीत एक घटना प्रत्येक ग्रंथसमितीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पारितोषिक मिळाले. ती कथा होती जयंत विष्णु नारळीकरांची. आपल्या नावाचा परिणाम परीक्षकांवर होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपण नाव घेतले होते. जगन्मान्य शास्त्रज्ञाला आपल्या कथेवर निर्भेळ मत हवे होते! पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ इत्यादी कादंबऱ्यांतून त्यांनी विज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचविले. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मोठे नाव पाहून पुस्तक घ्यावयाचे आणि लहान नाव पाहून बाजूस सारावयाचे, ही समित्यांची सवय या प्रसंगापुढे ठेवून तपासावी.

मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच ‘फास्टर फेणे’, निर्माण केला. किडकिडीत अंगाचा, सायकलवर भरधाव सुटणारा, संकटाच्या वासावर जाणारा हा मुलगा खेड्यातून पुण्याच्या शाळेत शिकावयास आलेला आहे, ही गोष्ट ग्रामीण मुलांना फार जवळची वाटते. विद्याभवनातील त्याचे मित्र, त्याचे ‘ट्टॉक्’, हे सारे ज्यांना पाठ होते, ती मुले आज पन्नाशी-साठीत आहेत आणि नातवंडांसाठी तीच पुस्तके मागतात. एखाद्या पुस्तकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असणार?

इतिहास की कादंबरी

ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत मात्र वाचकांचा कौल सावधपणे ऐकावा लागतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली आली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ ची. या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. थोरले माधवराव पेशवे म्हटले की आज महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते ‘स्वामी’तले माधवराव, कर्ण म्हटला की ‘मृत्युंजय’मधला कर्ण. वाचक म्हणतो, ‘इतिहास कळला’. येथे त्याला हळूच थांबविले पाहिजे. इतिहासाची गोडी लागली, हे खरे. इतिहास कळला, हे अर्धे खरे. कादंबरीकाराने संवाद कल्पिलेले असतात, मनातील विचार कल्पिलेले असतात, कधी प्रसंगांचा क्रमही सोयीने लावलेला असतो. यात त्याचा दोष नाही. ते त्याचे कामच आहे.

ज्या वाचनालयात ‘स्वामी’च्या चार प्रती आहेत, तेथे रियासतकार सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’चे त्या काळाचे खंड तरी असावेत, आणि ग्रंथपालाने मागणाऱ्यास ते दाखवावेत. दहांतील एक नेईल. गावातील वाद, मिरवणुका आणि फलक यांच्या मुळाशी कित्येकदा कादंबरीतला प्रसंग असतो, हे पंचायतीच्या कारभाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणून हा एक वाचक महत्त्वाचा आहे.

श्लीलाश्लील आणि सभासदत्वाचे पुस्तक

प्रेमकथांविषयी तक्रार बहुधा न वाचणाऱ्यांकडूनच येते. या संदर्भात एक न्यायनिर्णय जाणून घेणे उपयुक्त आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘शामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात प्रसिद्ध झाली. ती अश्लील असल्याची फिर्याद झाली, उच्च न्यायालयाने लेखकास दोषी ठरविले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून लेखकास दोषमुक्त केले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, आणि स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेख हाच निकष मानला तर किशोरांच्या हाती केवळ धार्मिक ग्रंथच उरतील, अशा आशयाचे विवेचन त्या निर्णयात आहे. कथा वाङ्मयदृष्ट्या थोर आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही. थोर नसणे हा गुन्हा नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. याच काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून त्याच वर्षी ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि तो सहकुटुंब पाहिला गेला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

कौटुंबिक कादंबऱ्यांचा वाचक कोण, हा प्रश्न कोणत्याही वाचनालयाच्या नोंदवहीला विचारला, तर ती खोटे उत्तर देते. सभासदत्व घरातील पुरुषाच्या नावावर असते. पुस्तक तो घेऊन जातो, परत तोच आणून देतो. वाचलेले असते ते दुपारी, स्वयंपाकपाणी आटोपल्यावर, घरातील स्त्रियांनी. डॉ. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर या लेखिकांची पुस्तके अशीच घरोघर पोहोचली. वाचणारीचे मत मात्र वाचनालयापर्यंत कधी पोहोचत नाही. ‘हे नको, मागच्यासारखे आणा’ एवढा निरोप येतो, आणि मागचे कोणते होते, ते आणणाऱ्यास आठवत नाही. सुनेला न्याय मिळाला म्हणून पुस्तक आवडले, की ती फार सोसते म्हणून नावडले, हे त्या निरोपात येत नाही.

राज्यातील पंचायत राज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळात मात्र अनेक ठिकाणी एखाददुसरीच स्त्री दिसते, आणि ग्रंथनिवडीच्या बैठकीला तिला निरोप जातोच असे नाही. महिला सदस्यांनी आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन स्त्रियांच्या नावे किती खाती आहेत, हे एकदा पाहावे. वाचनालयाची वेळ काय आहे, तेही पाहावे. सायंकाळी सहा ते आठ ही वेळ पुरुषांना सोयीची आहे. त्या वेळी चूल पेटलेली असते.

नोंद कशी ठेवावी

वाचकांची मते जाणून घेण्यासाठी खर्चिक योजनेची जरुरी नाही. प्रत्येक वाचनालयात सूचनावही असते. ती खिडकीजवळ दोरीने बांधलेली असते आणि तिच्यात पंखा दुरुस्त करण्याविषयी दोन सूचना असतात. तिच्याऐवजी पुस्तकाच्या मागील पुठ्ठ्याच्या आत एक कोरा कागद चिकटवावा. वाचून झाल्यावर ज्याला इच्छा असेल त्याने त्यावर एक ओळ लिहावी. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. पुढचा वाचक प्रथम तोच कागद पाहतो. नाहीतरी लोक समासात पेन्सिलीने लिहीतच असतात. त्या लिहिण्याला जागा करून दिली, तर समास तरी स्वच्छ राहतील. ग्रंथपालाने सहा महिन्यांनी हे कागद वाचून त्याचा गोषवारा खरेदीच्या बैठकीपुढे ठेवावा, आणि त्यासोबत देवघेवीची नोंद ठेवावी. दोन्हींत फरक आढळला, तर तोही बोलका असतो. पुष्कळदा नेले जाणारे पुस्तक पुष्कळांना आवडतेच असे नाही. काही वेळा ते केवळ दुसरे काही नाही म्हणून नेले जाते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तावातावाने लिहिणारे तिघेचौघेच असतात, आणि त्यांचे मत गावाचे मत ठरू शकते. एका वर्षी गाजलेले पुस्तक तिसऱ्या वर्षी कोणी विचारीत नाही. शिवाय वाचकाला जे ठाऊकच नाही, ते तो मागणार कसे? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा हे जसे सांगितले आहे, तसेच प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हेही सांगितले आहे. दुसरी जबाबदारी वाचकाची नव्हे; ती ग्रंथपालाची आणि समितीची होय. वाचकांच्या कौलावरच सर्व खरेदी करणारे वाचनालय आणि तो कधीच न ऐकणारे वाचनालय, दोघेही आपले निम्मे काम टाकून देतात. कपाटातील निम्मी जागा मागणीला आणि निम्मी निवडीला, असा ढोबळ हिशेब पुरेसा आहे. तो काटेकोर करण्याच्या भानगडीत पडू नये.

सातारा जिल्ह्यातील पाचगणीजवळच्या भिलार येथे मे २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे वेगवेगळ्या घरांत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तके ठेवलेली आहेत. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी कविता, आणखी एका घरी बालसाहित्य. पाहुणा ओसरीवर बसून वाचतो. प्रत्येक गावाला असे होता येणार नाही. स्ट्रॉबेरीचे पीक आणि प्रवाशांची वर्दळ सर्वत्र नसते. पण वाङ्मयप्रकारानुसार पुस्तके मांडण्याची त्यांची रीत एका खोलीच्या वाचनालयालाही उचलता येईल. दाखल क्रमांकाच्या क्रमाने कुलुपात लावलेल्या पुस्तकांत रहस्यकथेचा वाचक धारपांपर्यंत पोहोचत नाही, आणि धारपांचा वाचक नारळीकरांपर्यंत पोहोचत नाही. एका फळीवर ती शेजारी असली, तर हात आपोआप पुढे सरकतो.

मालिकांची खरेदी करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिला भाग हरवला असेल तर नवे भाग घेण्याआधी तो मिळवावा; पहिल्या भागावाचून उरलेले आठ भाग धूळ खातात. आणि जुन्या रहस्यकथांची बांधणी वेळीच करून घ्यावी. त्या स्वस्त कागदावर छापलेल्या असल्यामुळे पाने पिवळी पडून कोपऱ्यात तुटतात, आणि बहुधा शेवटचे पानच आधी जाते, कारण अधीर वाचक ते आधी उघडतो. जूनमध्ये ग्रंथमोजणी होते, त्या वेळी केवळ पुस्तक आहे की नाही एवढेच न पाहता शेवटचे पान आहे की नाही, हेही पाहावे. नसेल तर शेजारच्या गावच्या वाचनालयातून प्रत मागवून ते हाताने उतरून घ्यावे आणि आत चिकटवावे. मात्र हे काम ज्याच्याकडे सोपवावयाचे, त्याने ती कथा आधी वाचलेली असावी. नाहीतर तो पहिल्या पानापासूनच उतरू लागावयाचा.